ओढून म्हटलेला शब्द

हार्लन फेरी
१४ मार्च २००९, शनिवार

प्रिय टीनी,

आधी तुमची सगळ्यांची खुशाली कळू दे. तुझे गुडघे कसे आहेत? क्लीव्हलंडला अजून बर्फ असेल, जिना उतरताना कठड्याला धरत जा. साखर किती येते? ल्यूशसच्या छातीचं डॉक्टर काय म्हणतो? मीठ कमी केलंय का त्याने, की तुझी पाठ वळली की अजून डबा उपडा करतो? वांडाची इस्पितळातली नोकरी ठीक ना? तिच्या लेकीचा दमा गेला का? आणि तुझी ती एका डोळ्याची मांजर, आहे की गेली?

सात वर्षांत विचारायचं किती साठतं बघ.

माझं तू विचारत नाहीस, पण सांगते. बरी आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. रविवारी त्याचा फायदाच होतो, कारण चर्चच्या गाणाऱ्यांत ब्रदर ओटिस त्याच बाजूला उभे असतात. मागच्या वादळात पिकानचं झाड पडलं, घरावर नाही पडलं, देवाची कृपा.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. अक्षर गिचमीड आहे, पण माझं आहे. चार कागद फुकट गेले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. रोडेल हॅचची तारीख लागली. अठरा जून, संध्याकाळी सहा वाजता. त्याच्या आईला, इनेजला, छापील पत्र आलं, विजेचं बिल यावं तसं. सुई टोचून मारणार आहेत.

मागे फोनवर तू म्हणालीस, "मला तो माणूस आठवत नाही, व्हीनी." मी चिडले, नको ते बोलले, तू फोन ठेवलास. पण मागाहून माझ्या डोक्यात आलं, तो तुला आठवणार कसा? तू त्याला पाहिलाच नाहीस. टीनी, तेच तर तू सांगायला हवंस.

एकदा सगळं सरळ लिहून काढते, म्हणजे तुझी आठवण आणि माझी आठवण शेजारी ठेवून बघता येईल. जुलै सत्याऐंशी, गुरुवार. रोडेल तेव्हा चोवीस वर्षांचा. माझ्या मागच्या दाराच्या पायऱ्या तो बसवत होता. नऊला काम संपलं, मक्याचा पाव ताकात कुस्करून खाल्ला आणि हमरस्त्यावर हात करून दहाची बस धरली. पेन्साकोलाला गोदीत माणसं घेतात असं त्याने ऐकलं होतं. तू आलीस बाराला, ती निळी हॅट घालून. जेवलो. पोर्चवर चवळी सोलत बसलो. दोनच्या सुमाराला तिकडे गावात मिस्टर वेल्डनना त्यांच्या बियाण्याच्या दुकानात कुणीतरी गोळी घातली. रोडेलची त्यांच्याशी आदल्या आठवड्यात बाचाबाची झाली होती, म्हणून पहिलं नाव त्याचं. अडीचला शेरीफचा माणूस आपल्या अंगणात.

"रोडेल हॅच आहे का इथे?"

"गेऽऽलाय तो," मी म्हणाले.

आपल्याकडे शब्द असा ओढला की त्याचा अर्थ काय होतो हे तुला मी सांगायला नको. कधीचाच गेला. सकाळीच गेला. त्याला शोधायचं नावही काढू नका, इतका गेला. पण तो माणूस दुसऱ्या काउंटीतला, गोरा, वयाने कोवळा. तुझ्या हॅटकडे बघून त्याने तुला विचारलं, "काय म्हणतेय ही?"

आणि तू सांगितलंस, "ती म्हणते, तो गेला आहे, सर."

एक शब्दही चुकीचा बोलली नाहीस. शाळेच्या पुस्तकातलं वाक्य. फक्त माझी ओढ त्यात राहिली नाही. त्याने लिहिलं, 'संशयित नुकताच निघून गेल्याचे घरमालकिणीने सांगितले, तिच्या बहिणीने दुजोरा दिला.' खून दोनला, आणि अडीचच्या जरा आधी रोडेल माझ्या दारातून पळाला, असा त्याचा अर्थ झाला. खटल्यात एवढंच होतं, टीनी. हे, आणि तुरुंगातला एक भुरटा चोर, ज्याने 'माझ्यापाशी कबूल केलं' म्हणून शपथ घेतली आणि स्वतः महिन्याभरात सुटला.

रोडेलची आताची वकीलबाई हॅना ब्रॉडी. तुझ्या लेकीपेक्षा, वांडापेक्षाही लहान आहे, जेवायचं विसरते. तिला तुझ्याकडून नोटरीसमोर सही केलेलं प्रतिज्ञापत्र हवं. 'मी बाराला बहिणीच्या घरी पोचले, अडीचपर्यंत पोर्चवर होते, रोडेल हॅच तिथे नव्हता.' बस. माझा शब्द ते घेत नाहीत. का घेत नाहीत ते कागदोपत्री काहीतरी आहे, त्यात तुला कशाला गुंतवू.

लवकर लिही. वेळ थोडा आहे म्हणून नाही, तसंही लिही.

तुझी,
व्हीनी


२० एप्रिल २००९, सोमवार

प्रिय टीनी,

तुझं पाकीट मिळालं. फाटकाशीच फोडलं. आत माझंच पत्र निघालं, लाल शाईने तपासलेलं.

आधी मी अर्धा तास पोर्चवर नुसती बसले. मग उठून चहा केला आणि तुझ्या दुरुस्त्या एकेक बघितल्या. 'इस्पितळ' मी चुकीचं लिहिलं होतं, हे मला कळलंच नव्हतं. हॅनाला दाखवलं तर ती लालबुंद झाली. "मिसेस प्यू, हा तुमचा अपमान आहे!"

मी म्हटलं, "बाई गं, चाळीस वर्षं मास्तरीण होती ती. तिला प्रेमपत्र आलं असतं तरी तिने तपासूनच परत केलं असतं."

ती हसली नाही. मी हसले. म्हणजे तू पत्र वाचलंस, शब्द न् शब्द वाचलास. फक्त शेवटच्या पानावर, जिथे शेरीफचा माणूस येतो, तिथे लाल शाई नाही. त्या पानावर चुका कमी नव्हत्या, मी आता मोजल्या. तू तिथे थांबलीस.

शुक्रवारी वांडाचा फोन आला. ल्यूशस दोन वर्षांपूर्वीच गेला म्हणाली. दोन वर्षं, टीनी! आणि मी त्याच्या मिठाची चेष्टा लिहून पाठवली. मला कुणी कळवलं नाही, कळवावंसं वाटलं नसेल, ते समजते मी. पण ज्या माणसाने आपल्या लग्नात ममाला उचलून नाचवलं, त्याच्यासाठी मी चर्चमध्ये उभी राहिले असते गं. काल राहिले. उशिरा का होईना, नाव घेतलं त्याचं.

आता मागच्या पत्रात जे झाकलं ते लिहिते. माझा शब्द का घेत नाहीत, ते.

खटल्याच्या वेळी, अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, सरकारी वकिलाने माझ्या हातात तो कागद दिला. शेरीफच्या माणसाने लिहिलेला. "मिसेस प्यू, हा नीट वाचा आणि तुम्ही हेच सांगितलंत का ते सांगा." सगळं गाव बसलेलं. पहिल्या रांगेत इनेज. शेजारी आपले पास्टर. त्या सगळ्यांनी मला दर रविवारी गाण्याचं पुस्तक उघडून उभी असलेली पाहिली होती. मला सगळी गाणी पाठ होती, पानं मी शेजारणीचं बघून उलटत होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.

मी कागद डोळ्यांसमोर धरला. डोळे डावीकडून उजवीकडे नेले, पुन्हा डावीकडून उजवीकडे, खालपर्यंत. घाई दिसू नये म्हणून मध्ये जरा थांबलेसुद्धा. मग म्हणाले, "हो साहेब."

"तुम्ही म्हणालात की तो गेलाय?"

"हो साहेब. गेऽऽलाय म्हणाले मी." मला वाटलं मी त्याला सोडवते आहे. मी रोडेलकडे बघून मान हलवली, घाबरू नकोस म्हणून.

आमच्या बाजूच्या वकिलाने मला चार प्रश्न विचारले. त्यातला एक माझ्या नावाचा.

वाचायला मी एकोणसाठाव्या वर्षी शिकले. त्याच गाण्याच्या पुस्तकावरून. ओळ पाठ होती, मग ओठांनी म्हणत म्हणत बोट पुढे सरकवायचं, म्हणजे कोणता आवाज कुठे बसलाय ते कळतं. दोन वर्षं लागली. दोन हजार दोन साली कोर्टातल्या साक्षीची जाडजूड प्रत मी स्वतः वाचली. माझं नाव, आणि पुढे छापलेलं, 'हो साहेब. गेलाय म्हणाले मी.' त्यांच्या यंत्राला ओढ टिपता येत नाही. तेव्हाच मी तुला फोन केला होता. तेव्हाही तुला दोष दिला आणि माझ्या डोळ्यांच्या नाटकाबद्दल ब्र काढला नाही.

पुढच्या वर्षी मी प्रतिज्ञापत्र दिलं, माझ्या बोलण्याचा अर्थ 'सकाळीच गेला' असा होता म्हणून. न्यायाधीशाने लिहिलं, साक्षीदाराने भर कोर्टात आपला जबाब स्वतः वाचून मान्य केला आहे, पंधरा वर्षांनी अर्थ बदलता येत नाही. तेव्हा एका वाक्यात उलगडा झाला असता. मला वाचता येत नव्हतं हो, एवढंच. नाही बोलले. इनेज समोर बसली होती. अजून सहा वर्षं गेली. या फेब्रुवारीत हॅनाला सांगितलं, तर ती डोकं धरून बसली. "आता हे कोण पटवून देणार? गावात ज्याला त्याला विचारलं तर म्हणतात, सिस्टर प्यू? तिला सगळं पुस्तक वाचता येतं."

तुझ्याशिवाय कुणी नाही, टीनी. ममा आजारी पडली तेव्हा दोघींतल्या एकीला शाळा सोडून लोकांच्या घरून धुवायच्या कपड्यांच्या टोपल्या आणायला जावं लागलं, आणि ती मी होते, हे जिवंत माणसांत तुला एकटीलाच माहीत आहे. मी कधी त्याची आठवण करून दिली नाही. तू शिकलीस याचा मला अभिमान होता, अजून आहे. आज करून देते, कारण आज ते माझं राहिलेलं नाही, रोडेलचं झालंय.

म्हणून दोन गोष्टी लिही. तो तिथे नव्हता. आणि तुझ्या बहिणीला तेव्हा वाचता येत नव्हतं.

मनात आलं तर लाल शाईत लिही, पण लिही.

व्हीनी


१७ मे २००९, रविवार

टीनी,

तुझं काही आलं नाही. आज खुशाली विचारत नाही, वांडाकडून कळली. साखर वाढलीय म्हणे. भात कमी कर.

हॅनाने इनेजला सांगितलं. सांगणं भागच होतं, कागदात येणार म्हणून. त्यानंतर दोन रविवार इनेज चर्चला आली नाही. एकवीस वर्षं आम्ही दोघी एकाच छपराखाली बसतो, ती माझ्यापुढे दोन बाक, आणि तिने वळून पाहिलेलं नाही. तरी ती आली नाही तेव्हा समोर भोक पडल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दुपारी ती माझ्या दारात उभी. काठी टेकत, ऐंशी वर्षांची बाई, चर्चमागच्या घरापासून चालत.

"बस, इनेज."

"बसायला नाही आले."

"पाणी तरी घे."

"तुझ्या घरातलं पाणी अजून गोडच आहे का? मला वाटलं होतं कडू झालं असेल." मग बसली. पाणी प्यायली. मी चवळीची टोपली पुढे ओढली, हाताला काहीतरी हवं म्हणून. तर तिनेही एक मूठ उचलली आणि सोलायला लागली.

"वकीलबाई म्हणते ते खरं?"

"खरं."

"एक अक्षर येत नव्हतं?"

"माझं नावही नाही. सही म्हणून जे करायचे ते नुसतं चित्र होतं."

"आणि त्या ईस्टरला तू मला म्हणालीस, इनेज, तुझ्या पुस्तकातली छपाई बारीक आहे!"

"म्हणाले होते."

ती हसली, टीनी. अगदी एक क्षण. जुनी इनेज. मग तोंड एकदम मिटलं.

"मी एकवीस वर्षं समजत होते की तू त्या लोकांना घाबरून खोटं बोललीस. रोज मी देवापाशी म्हणायचे, तिला माफ कर, मला काही होत नाही, तू कर. आणि तू खोटं बोललीच नाहीस. तू नुसती लाजलीस. हे जास्त वाईट की कमी, मला ठरवता येत नाही, व्हीनी. कितीतरी दुपारी बसून मी विचार केला. मला ठरवता येत नाही."

शेंगा संपेपर्यंत ती बसली. जाताना तुझ्याबद्दल विचारलं.

"ती मास्तरीण. ती लिहिणार का?"

मी म्हटलं, लिहील. तुझ्या वतीने मी शब्द दिलाय. बत्तीस दिवस राहिलेत, टीनी. आज रविवार, उद्या टपाल निघेल, गुरुवारी तुझ्या हातात पडेल. अठ्ठावीस राहतील.

व्हीनी


१२ जून २००९, शुक्रवार

माझी टीनी,

तुझा कागद आला! सोमवारी आला, मंगळवारी कोर्टात गेला, एक प्रत गव्हर्नरकडे. हॅनाने फोनवरच वाचून दाखवला आणि मी म्हटलं, थांब, मला दे, मी वाचते. बसने गावात जाऊन तिच्या टेबलाशी बसून वाचला.

तू सगळं लिहिलंस. बाराला पोचल्याचं. चवळीचं. मी चौथीत शाळा सोडल्याचं. आणि ते वाक्य, जे तुझ्याकडे मागायचं धाडस मला झालं नव्हतं. 'माझ्या बहिणीने काय म्हटले ते मला त्याच क्षणी पूर्ण समजले होते. मी ते शुद्ध करून सांगितले.' हे लिहायला तुला तीन महिने का लागले ते मी विचारणार नाही. मला एकवीस वर्षं लागली.

हॅना म्हणते आशा आहे. ती तसं सहसा म्हणत नाही. त्या दिवशी तिने अख्खं सँडविच खाल्लं.

काल रोडेलला भेटून आले. चर्चच्या व्हॅनने, साडेतीन तास. काचेपलीकडे बसला. सेहेचाळीस वर्षांचा झाला, दाढी पांढरी. मला बघून म्हणाला, "मिस व्हीनी, त्या पायऱ्या अजून आहेत का?"

"एक हलते."

"ती मी घाईत ठोकली होती. बस चुकेल म्हणून. ते मनाला लागून राहिलंय."

"एवढंच लागून राहिलंय तुझ्या मनाला?"

"बाकीचं मी केलेलं नाही ना."

असा आहे तो. मग मी त्याला सांगितलं. इतक्या वर्षांत भेटीला गेले, पत्रं पाठवली, पण तोंडाने कधी कबूल केलं नव्हतं. फोनचा चोंगा दोन्ही हातांनी धरला आणि म्हटलं, रोडेल, कोर्टात मी तो कागद वाचला नव्हता, मला वाचता येत नव्हतं.

तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

टीनी, हे फक्त तुला लिहिते.

"तुम्ही खिळ्यांची यादी कधी लिहून दिली नाहीत. मी मागितली की म्हणायचात, चष्मा सापडत नाही. घरभर कामं केली मी तुमच्या, चष्मा कुठेच नव्हता." तो हसत होता. "कोर्टात तुम्ही कागद हातात घेतलात ना, तेव्हा मी आमच्या वकिलाच्या कानाशी वाकलो होतो. सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. मी गप्प बसलो."

"का रे बाबा? का?"

"चोवीसचा होतो. मला वाटलं, सुटणार तर मी आहेच, मग सगळ्या चर्चसमोर तुमची अब्रू कशाला काढू? नंतरचे वकील रक्ताचं विचारायचे, बुटांच्या ठशांचं विचारायचे. वाचण्याचं कुणी विचारलं नाही. आणि ते सांगायचं तर तुमचं तुम्ही. माझं नव्हतं ते."

मला काचेतून हात घालता आला असता तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. त्याला मारलं असतं की जवळ घेतलं असतं. एक लाज, आणि ती तिघांनी मिळून जपली. तू, मी, आणि ज्याचा जीव जाणार होता तो.

निघताना म्हणाला, "तुमच्या बहिणीला थँक्यू सांगा. सोपं नसेल."

सांगितलं बघ. आता वाट बघायची. कळलं की लगेच लिहिते.

व्हीनी


२८ जून २००९, रविवार

प्रिय टीनी,

वांडाने तुला फोनवर सांगितलंच असेल. मी तिला सांगितलं होतं की बाकीचं मी पत्राने कळवीन. दहा दिवस झाले, कागद पुढे घ्यायचे आणि बाजूला ठेवायचे.

पहिल्यांदा लिहिलं होतं की तुझ्या कागदाने काही फरक पडणारच नव्हता, कोर्टाचं आधीच ठरलं होतं. ते फाडलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत होते. तुझ्याकडे निकालाची प्रत कधी येणार नाही, तुला कळलंही नसतं. पण न सांगून काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं.

कोर्टाने लिहिलं, 'सदर साक्षीदार बावीस वर्षे हयात होती व तिचा पत्ता ज्ञात होता. विलंबाचे सयुक्तिक कारण दिलेले नाही.' तू लिहिलेलं खोटं आहे असं ते म्हणत नाहीत. खरं की खोटं ते त्यांनी पाहिलंच नाही, उशीर झाला एवढंच पाहिलं. लाजेला त्यांच्याकडे कारण म्हणत नाहीत. आणि मी सहा वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतं तर वेळेत बसलं असतं, असं हॅना म्हणाली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली. म्हणून एकट्या तुझ्या पदरात टाकत नाही. माझा वाटा मोठा आहे.

गव्हर्नरकडून गुरुवारी चार वाजता नाही म्हणून आलं.

मी आत गेले नाही. त्याच्या आईला आणि हॅनाला परवानगी होती. मी व्हॅनमध्ये बसले, तुरुंगाच्या कुंपणाबाहेर, उन्हात. ब्रदर ओटिस हळू आवाजात गात होते आणि देवाशपथ, त्या दिवशी त्यांचा सूर लागला होता. सहा वाजले. सहा वीस. साडेसहानंतर इनेज बाहेर आली. हातात कागदी पिशवी, त्यात रोडेलचा छोटा रेडिओ आणि चष्मा. व्हॅनमध्ये माझ्या शेजारचीच जागा तेवढी रिकामी होती. बसली. पट्टा लावायला गेली तर तो अडकेना, तिसऱ्यांदाही अडकेना. मी तिच्या हातातून घेतला आणि लावला. साडेतीन तास तिने मान माझ्याकडे केली नाही, पण खांदा काढून घेतला नाही.

काल त्याला पुरलं. तुला आठवतं ना, कार्यक्रमाच्या कागदावर गेलेल्याच्या जीवनकथेपुढे आपल्याकडे छापतात, 'मनातल्या मनात वाचावी'. पास्टरनी तसंच छापलं होतं. इनेजने उभं राहून सांगितलं, "मनातल्या मनात नाही. मोठ्याने. व्हीनी वाचेल."

सगळं चर्च वळलं. मी जवळ जाऊन पुटपुटले, "इनेज, दुसऱ्या कुणाला सांग."

"तूच. तुला वाचता येतं हे मला ऐकायचंय."

पुढे गेले. कागद धरला. आणि वाचायच्या आधी मी सांगितलं, टीनी. सगळ्यांना. गाण्याच्या पुस्तकाचं, कोर्टातल्या कागदाचं, डोळे कसे फिरवले त्याचं. पुढच्या बाकावर माझ्याकडून बायबलचे धडे घेऊन म्हाताऱ्या झालेल्या बायका होत्या. मला वाटलं, आता उठून जातील. मागून ओटिसचा आवाज आला, "सावकाश, सिस्टर. सावकाश घ्या."

मग वाचलं. रोडेल जेम्स हॅच. जन्म हार्लन फेरी. सुतारकाम शिकला. हाताने काय काय बांधलं त्याची यादी इनेजने घातली होती, माझं घर त्यात होतं. पेन्साकोलाला जाणाऱ्या दहाच्या बसचं तिने लिहिलं होतं. शेवटी होतं, 'निर्दोष मेला.' तिथे मी अडखळले. अक्षरांनी नाही अडखळले. इनेजने पुढच्या बाकावरून मोठ्याने म्हटलं, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "पुन्हा." तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अख्खं चर्च माझ्याबरोबर म्हणालं.

जेवणं झाल्यावर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं काही बोलेल, माफीचं, किंवा नाही म्हणून तरी. म्हणाली, "वाचता येतं तुला."

"येतं."

"तुझ्या बहिणीच्या कागदाची प्रत वकीलबाईने मला दिली. मी रोज वाचते. चांगला लिहिलाय. पण वर नाव न्यायाधीशाचं आहे. माझा मुलगा गेला, आणि मला लिहिलेलं त्यात काही नाही."

"मी तिला सांगते, इनेज."

"सांगू नकोस. विचार. मनाने लिहिलं तर लिहू दे, नाहीतर नको."

म्हणून विचारते. टीनी, तुझ्याशी बोलायला मी सात वर्षं तरसले, आणि आता मीच म्हणते आहे की मला उत्तर नंतर लिही, केव्हाही लिही. आधी तिला लिही. काय लिहायचं ते मला ठाऊक नाही, मलाही तिच्यासमोर काही सुचत नाही. कच्चं लिहून पक्कं करत बसू नकोस. ती ऐंशीची आहे आणि रोज टपालाच्या वेळी फाटकाशी येऊन उभी राहते, कुणाची वाट बघते ते विचारलं तर सांगत नाही.

इनेज हॅच, चर्चमागचं तिसरं घर, हार्लन फेरी. एवढं पुरतं, पोस्टमन ओळखतो.

लवकर लिही गं.

तुझी,
व्हीनी